घरच्या कॉम्प्युटरचा राखणदार : फुकटचा अँटिव्हायरस नीट कसा लावायचा?



आज जरा वेगळा विषय घेतोय. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, म्हणजे हा लेख का लिहिला ते तुमच्या लक्षात येईल.

गोष्ट २०१८ सालची. आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. मी चौथीच्या गणितासाठी काही स्लाइड्स तयार केल्या होत्या. परिषद संपल्यावर चहाच्या वेळी चार-पाच जण म्हणाले, "सर, आम्हालाही द्या की." मी मोठ्या आनंदाने पेनड्राइव्ह पुढे केला. एकाच्या लॅपटॉपला लागला, तिथून दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन आला, "सर, तुमच्या पेनड्राइव्हनं घात केला बघा! सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत."

झालं असं होतं, की घरच्या कॉम्प्युटरबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची वर्षाची मुदत कधीच संपली होती. खाली घड्याळापाशी लाल खूण दिसायची. रोज संदेश यायचा. मी काय केलं? तो संदेश येऊच नये अशी सोय करून टाकली! घरात धुराचा वास येतोय म्हणून नाक बंद करावं, तशातला प्रकार. कॉम्प्युटर चालत होता, मुलगी त्यावर चित्रं काढत होती, मी निकालपत्रकं भरत होतो. सगळं ठीक आहे असंच वाटत होतं.

यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते आमच्या केंद्रातल्या एका बाईंचं. पेनड्राइव्हवर नुसते शॉर्टकट दिसतात, उघडलं तर काहीतरी भलतंच येतं, म्हणून त्यांना वाटलं की फायली गेल्याच. त्यांनी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि नवीन काम त्यावर भरलं. त्यात त्यांनी दोन वर्षं खपून तयार केलेले शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव-संच होते. आणि खरी वाईट गोष्ट पुढे कळली. त्या फायली गेलेल्याच नव्हत्या! त्या तिथेच होत्या, फक्त लपवलेल्या. हे त्या वेळी आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

म्हणून आधी हा शॉर्टकटचा प्रकार समजून घेऊ, मग अँटिव्हायरसकडे वळू.

शॉर्टकट व्हायरस करतो तरी काय?

हा व्हायरस पेनड्राइव्हमध्ये शिरला की तुमचे खरे फोल्डर 'हिडन' करून टाकतो, म्हणजे लपवतो. त्यांच्या जागी त्याच नावाचे, फोल्डरसारखंच चित्र असलेले शॉर्टकट ठेवतो. तुम्ही 'गणित' नावाच्या फोल्डरवर डबल क्लिक करता. त्या शॉर्टकटमध्ये दोन हुकूम लिहिलेले असतात. एक, व्हायरसचा प्रोग्रॅम चालू कर. दोन, खरा फोल्डर उघड. फोल्डर उघडतो म्हणून आपल्याला संशयच येत नाही. तोवर व्हायरसने कॉम्प्युटरमध्ये घर केलेलं असतं. यापुढे त्या कॉम्प्युटरला जो पेनड्राइव्ह लावाल तो बाधित होणार. परिषदेतल्या चहाच्या वेळात नेमकं हेच घडलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. घाई तर मुळीच करू नका. चांगला अँटिव्हायरस असलेल्या कॉम्प्युटरला तो लावा आणि आधी स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'व्ह्यू' या भागात लपवलेल्या फायली दाखवा असा पर्याय निवडा. त्याच यादीत खाली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' अशी एक टिक असते, ती काढा. विंडोज एक इशारा देईल, त्याला हो म्हणा. आता तुमचे खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. कधी कधी ते सगळे मिळून नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये कोंबलेले असतात, तेव्हा तोही उघडून बघा. त्यातल्या फक्त तुमच्या ओळखीच्या फायली, म्हणजे वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो, दुसरीकडे कॉपी करून घ्या. अनोळखी नावाचं काही असेल तर हात लावू नका. सगळं सुखरूप बाहेर आलं, उघडून तपासलं, की मग खुशाल फॉरमॅट करा. आणि ती काढलेली टिक परत जागेवर ठेवा, नाहीतर उद्या घरातलं एखादं मूल विंडोजचीच एखादी फाइल पुसून बसेल.

अँटिव्हायरसला कळतं कसं?

आपल्या शाळेतल्या शिपाईमामांचं उदाहरण घेऊ. फाटकावर बसलेल्या मामांकडे समजा पोलिसांनी दिलेली चोरांच्या फोटोंची वही आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ते वहीशी ताडून बघतात. अँटिव्हायरसचं पहिलं काम अगदी असंच आहे. प्रत्येक माहीत असलेल्या व्हायरसच्या काही ठरावीक खुणा असतात, त्यांची यादी अँटिव्हायरसकडे असते. फाइल उघडताना किंवा उतरवून घेताना तो ती यादीशी ताडून पाहतो. यातली मेख अशी, की वही जुनी असेल तर नवा चोर सहज आत जाणार. माझ्या घरी नेमकी वहीच जुनी झालेली होती. मामा फाटकावर बसलेले होते, पण त्यांच्याकडचे फोटो वर्षापूर्वीचे!

पण नवे व्हायरस तर रोज येतात, त्यांचा फोटो कुणाकडेच नसतो. म्हणून मामांचं दुसरं काम असतं वागण्यावर नजर ठेवणं. एखादा माणूस कपडे नीटनेटके घालून आला, वहीत त्याचा फोटोही नाही, पण तो एकेका वर्गाचं कुलूप ओढून बघतोय, तर मामा त्याला हटकणारच ना? तसंच एखादा प्रोग्रॅम पटापट शेकडो फायली बदलू लागला, स्वतःला विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या यादीत घुसवू लागला, तर अँटिव्हायरस त्याला अडवतो. आणि तिसरं म्हणजे शंका आली की मामा मुख्याध्यापकांना फोन लावून विचारतात. हल्लीचे अँटिव्हायरस अशी शंकास्पद फाइल दिसली की इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारतात आणि काही क्षणांत उत्तर मिळवतात. सेटिंगमध्ये 'क्लाउड' असा शब्द दिसतो तो याचसाठी.

मग कोणता घ्यायचा?

पालकसभेत मला हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. कारण उत्तर असं, की तुमच्या घरी विंडोज १० किंवा ११ असेल तर अँटिव्हायरस तुमच्याकडे आधीच आहे. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. वेगळा पैसा नाही, मुदत संपणं नाही, वर्षाअखेरीची आठवण नाही.

"पण सर, तो तर काही कामाचा नसतो म्हणतात." हे जुन्या काळी काही अंशी खरं होतं. विंडोज ७ मधला 'विंडोज डिफेंडर' फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम शोधायचा, पूर्ण अँटिव्हायरस नव्हताच तो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचा वेगळा मोफत प्रोग्रॅम काढला होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून हे दोन्ही एक झाले आणि अँटिव्हायरस विंडोजच्या पोटातच आला. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था सगळ्या अँटिव्हायरसच्या नियमित परीक्षा घेतात. त्यांत हल्ली डिफेंडर चांगल्या गुणांनी पास होतो. आपल्या घरच्या वापराला तो पुरेसा आहे असं माझं मत आहे.

बाकीचे मोफत अँटिव्हायरसही आहेत. अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर ही नावं तुम्ही ऐकली असतील. (अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, त्यामुळे ते दोघे आता एकाच घरातले.) आपल्या पुण्याचा क्विक हील तर सगळ्यांच्या ओळखीचा. कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान आणि त्यांचे भाऊ संजय यांनी लिहिलेला प्रोग्रॅम, तिथून ती कंपनी उभी राहिली. तो विकत घ्यावा लागतो, म्हणून आज त्यात शिरत नाही. आधीच घेतलेला असेल आणि मुदत चालू असेल तर जरूर वापरा.

पण फुकट म्हटलं की एक प्रश्न विचारायची सवय आपण मुलांना लावतो तशी स्वतःलाही लावायला हवी. यांचं पोट कशावर चालतं? बहुतेक कंपन्या मोफत आवृत्ती देतात आणि मग 'पैसे भरून मोठी आवृत्ती घ्या' असं सारखं मागे लागतात. ते एकवेळ चालेल. पण अवास्टच्या बाबतीत त्याहून पुढची गोष्ट उघड झाली. ज्याला आपण राखण करायला बसवलं, तोच आपण कोणत्या वेबसाइट बघतो याची माहिती गोळा करत होता आणि जंपशॉट नावाच्या त्यांच्याच उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. बातम्या आल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद केली गेली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून कोणताही मोफत अँटिव्हायरस टाकलात तर त्याच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' नावाचा भाग आधी शोधा आणि माहिती इतरांना देण्याच्या जेवढ्या टिका असतील तेवढ्या काढून टाका. अवास्टमध्ये ते सेटिंग्ज, जनरल, पर्सनल प्रायव्हसी या वाटेने सापडतं.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे मोफत अँटिव्हायरस साधारणपणे फक्त घरगुती वापरासाठी मोफत असतात. शाळेच्या संगणक कक्षात ते टाकणं त्यांच्या अटींत बसत नाही. शाळेतही विंडोज असेल तर डिफेंडरच बरा.

आणि दोन अँटिव्हायरस एकाच वेळी नको! "दोन असले तर दुप्पट संरक्षण" असं एका पालकांनी मला अगदी ठामपणे सांगितलं होतं. एका फाटकावर दोन राखणदार बसवले, दोघांना एकमेकांची ओळख नाही, तर ते चोर सोडून एकमेकांचीच झडती घेत बसतील. त्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागत होती ती यामुळेच. दुसरा अँटिव्हायरस नीट बसला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, आणि तो काढला की परत कामावर येतो. पण बाहेरचे दोन असतील तर एक तुम्हालाच काढावा लागेल.

आता प्रत्यक्ष सेटिंग

कॉम्प्युटरसमोर बसूनच हा भाग वाचा. मी डिफेंडरचंच सांगतो. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' असं इंग्रजीत टाइप करा. ढालीचं चित्र असलेली खिडकी उघडेल. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर इथे त्याचं नाव दिसेल.

आधी खाली 'प्रोटेक्शन अपडेट्स' बघा. शेवटचं अपडेट कधी झालं त्याची तारीख तिथे असते. आजची किंवा कालची असेल तर छान. फार जुनी असेल तर 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. ही मामांची वही. एरवी ती आपोआप बदलत राहते, पण ज्यांच्या घरी महिना-महिना कॉम्प्युटरला नेट जोडलं जात नाही, त्यांनी नेट लावलं की पहिलं काम हेच करावं.

मग 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये जा. इथे चार-पाच बटणं आहेत. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' म्हणजे सतत पहारा, ते चालूच हवं. तुम्ही हाताने बंद केलंत तरी काही वेळाने ते स्वतःच चालू होतं, ही चांगली सोय आहे. 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' म्हणजे तो मुख्याध्यापकांना फोन, तेही चालू. 'ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन' म्हणजे शंकास्पद फाइल तपासायला पाठवणं. फाइलमध्ये खासगी माहिती असण्याची शक्यता वाटली तर ते आधी तुम्हाला विचारतं, म्हणून मी ते चालू ठेवतो. कुणाला नको वाटलं तर बंद करायला हरकत नाही. 'टॅम्पर प्रोटेक्शन' मात्र चालूच पाहिजे. व्हायरस आत आला की पहिल्यांदा राखणदाराचेच हातपाय बांधायला बघतो. ते या बटणाने होऊ शकत नाही.

याच पानावर अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' आहे. म्हणजे 'या फायली तपासू नकोस' अशी यादी. तुम्ही स्वतः कधी काही घातलं नसेल तर ही यादी रिकामी असायला हवी. एकदा एका पालकांचा कॉम्प्युटर बघितला, तर या यादीत अख्खा सी ड्राइव्ह! त्यांना पत्ताच नव्हता. मुलाने कुठून तरी गेमचं 'क्रॅक' आणलं होतं आणि त्यासोबतच्या सूचनांत लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा, मग हे यादीत टाका, मग चालवा. पोराने इमानेइतबारे सगळं केलं. क्रॅक केलेलं कोणतंही सॉफ्टवेअर चोराच्या हाती किल्ली देऊन त्याला घरात बोलावण्यासारखं आहे, यावर माझं अजिबात दुमत नाही. आपणही यात मागे नाही बरं का! मराठी टायपिंगसाठी म्हणून कितीतरी शिक्षकांच्या लॅपटॉपवर असंच कुठून तरी आणलेलं काहीतरी असतं. त्याची गरजच उरलेली नाही. विंडोज १० च्या २०१९ सालच्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा आणि तो कीबोर्ड निवडा. एक पैसा लागत नाही.

यानंतर मागे येऊन डावीकडे 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' उघडा. त्यातल्या 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' असं लांबलचक नाव आहे. ते चालू करा. व्हायरस नसलेले पण त्रासदायक प्रोग्रॅम यामुळे अडतात. पीडीएफ बनवायचं काहीतरी उतरवून घ्यायला जावं आणि त्यासोबत तीन अनोळखी पाहुणे घरात यावेत, ते हे.

खंडणीवाले आणि डी ड्राइव्ह

आता ज्या सेटिंगसाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला, ते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला होता. तो फायली कुलूपबंद करायचा आणि उघडायला पैसे मागायचा. अशा प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस. लगेच पुढच्या महिन्यात नॉटपेट्या आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज त्याने ठप्प केलं. वॉनाक्राय ज्या भगदाडातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. म्हणजे दोन महिने आधी! ज्यांनी 'नंतर करू' म्हणून अपडेट पुढे ढकललं होतं, ते सापडले.

बाकीचा व्हायरस गेला की निदान फायली राहतात. रॅन्समवेअर आपण काढला तरी फायली कुलूपबंदच राहतात. तुमच्या बाळाचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो, दहा वर्षांचे टाचणवह्यांचे स्कॅन, सगळं समोर दिसतं आणि एकही फाइल उघडत नाही. म्हणून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या पानावर अगदी खाली 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन' आहे, त्यात जा. तिथे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाचं बटण एरवी बंद असतं. ते चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा ठरावीक फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला काही बदलता येत नाही.

पण आपल्याकडची सवय बघा. आपण महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवतो. 'सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी डी सुरक्षित' असं दुकानदाराने कधीतरी सांगितलेलं असतं. या संरक्षणाला तुमचा डी ड्राइव्ह माहीतच नाही! म्हणून 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये जाऊन डी ड्राइव्हवरचे आपले महत्त्वाचे फोल्डर एकेक करून जोडा. हे दोन मिनिटांचं काम आजच करा.

एक अडचण सांगून ठेवतो. हे चालू केल्यावर एखादा जुना प्रोग्रॅम तुमच्या फोल्डरमध्ये फाइल सेव्ह करू देणार नाही. माझ्याकडे निकालपत्रकाच्या एका जुन्या प्रोग्रॅमने दोन दिवस छळलं. तेव्हा वैतागून सगळं संरक्षण बंद करू नका. त्याच पानावर ठरावीक प्रोग्रॅमला परवानगी द्यायची सोय आहे. 'प्रोटेक्शन हिस्ट्री'त कोणाला अडवलं ते दिसतं, तुमच्या खात्रीचा प्रोग्रॅम असेल तर तेवढ्यालाच आत सोडा.

हे सगळं केलं तरी दुसरी प्रत हवीच. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कॉपी करा आणि केबल काढून कपाटात ठेवा. केबल काढून, हे महत्त्वाचं. लावूनच ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतो. हार्ड डिस्क नसेल तर गूगल खात्याबरोबर मिळणारी १५ जीबी जागा निदान कागदपत्रांना आणि प्रश्नसंचांना भरपूर होते.

स्कॅन कधी आणि कोणता?

सतत पहारा चालू असेल तर रोज स्कॅन करायची गरज नाही. 'क्विक स्कॅन' अधूनमधून आपोआप होत असतो. 'फुल स्कॅन' तास-दोन तास घेतो, कधी त्याहून जास्त. काहीतरी विचित्र वाटलं तर रात्री लावून झोपावं. कॉम्प्युटर झोपणार नाही एवढं बघावं! पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र या दोन्हींवर विसंबू नका. पेनड्राइव्ह लावला की त्याच्या चित्रावर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय लगेच दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये बघा. सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' बंद करून ठेवलं तर पेनड्राइव्ह लावल्या लावल्या काही आपोआप उघडणारही नाही.

व्हायरस काढला तरी परत येतोय असं दिसलं तर 'ऑफलाइन स्कॅन' वापरा. यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. सुरू करण्याआधी उघडं असलेलं काम सेव्ह करा.

सापडलेला व्हायरस 'क्वारंटाइन'मध्ये टाकला असं दिसेल. म्हणजे वेगळ्या खोलीत कोंडला. करोनाच्या दिवसांनंतर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिथून तो काही करू शकत नाही. तुमची चांगली फाइल चुकून तिथे गेली असेल तर परतही आणता येते, पण तशी खात्री असेल तरच आणा.

हा राखणदार खरंच जागा आहे का, हे तपासायची एक गमतीची सोय आहे. आयकार नावाच्या युरोपातल्या संस्थेने एक चाचणीची फाइल तयार केलीय. ती फक्त ६८ अक्षरांची आहे, पूर्ण निरुपद्रवी आहे, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवलंय की ही दिसली की व्हायरस सापडल्यासारखं ओरडायचं. आयकारच्या वेबसाइटवरून ती उतरवून घ्यायचा प्रयत्न करा. लगेच अडवली गेली तर पहारा जागा आहे. शाळेतल्या अग्निशमन सरावासारखंच हे. सातवी-आठवीच्या मुलांना समोर बसवून दाखवा, त्यांना फार आवडतं.

अँटिव्हायरसच्या हातात नसलेल्या गोष्टी

ब्राउझरच्या कोपऱ्यात कधी कधी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत, इथे दाबा' असा संदेश येतो. तो तुमच्या अँटिव्हायरसचा नसतो. एखाद्या वेबसाइटला कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते, ती तिथून जाहिरात फेकत असते. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स या भागात जा आणि अनोळखी नावं काढून टाका. आणि पडद्यावर मोठा इशारा, भोंग्याचा आवाज आणि 'या नंबरवर फोन करा' असं आलं तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर देत नाही. घरातल्या आजी-आजोबांना हे मुद्दाम सांगा, कारण घाबरून फोन लावणारे बहुधा तेच असतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

मुलांसाठी विंडोजमध्ये वेगळं 'स्टँडर्ड' खातं काढा. त्या खात्यातून नवीन प्रोग्रॅम टाकायला गेलं की तुमचा पासवर्ड मागतो. वरच्या क्रॅकच्या गोष्टीतल्या घरी एवढं एक असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. तसंच फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवायची टिक करा. मग वेळापत्रक म्हणून आलेली फाइल खरंच पीडीएफ आहे की शेवटी ईएक्सई लावून आलेली आहे, ते नुसतं नाव वाचून कळेल.

भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे. त्यांच्या वेबसाइटवर व्हायरस काढायची मोफत साधनं मिळतात. तुमचा अँटिव्हायरसच उघडेनासा झाला तर तिथलं साधन दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उतरवून घेऊन वापरता येतं.

विंडोज ७ वाल्यांना मात्र कडू सांगावंच लागेल. त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीची सुरक्षा अपडेट्स घ्यायची सोय आहे, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर त्यासाठी नाव नोंदवता येतं. राखणदार कितीही जागा असला, तरी भिंतीलाच भगदाड असेल तर तो काय करणार? विंडोज ७ वर घरची बँक, गॅस, वीजबिल असलं काही करू नका. जुन्या मशीनवर मुलांनी चित्रं काढावीत, बस.

त्या बाईंना मी नंतर भेटून सगळं सांगितलं. फायली तिथेच होत्या हे सांगताना मला जड गेलं, आणि ऐकताना त्यांनाही. काही सराव-संचांच्या छापील प्रती त्यांच्या मुलांच्या वह्यांत चिकटवलेल्या निघाल्या. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी आणि आणखी दोन शिक्षकांनी वाटून घेऊन त्या पुन्हा टाइप केल्या. अकरा संच मिळाले, बाकीचे नाही मिळाले. आता त्यांच्या लॅपटॉपला कुणीही पेनड्राइव्ह लावायला गेलं की त्या आधी हात पुढे करतात, "थांबा सर, आधी राइट क्लिक." मलाही सोडत नाहीत.